शेरूचं शेपूट

अमरावती, मंगळवार, दिवेलागण

शेरूला फिरवताना शेजारच्या काकूंच्या फाटकाशी तो थबकला. कान मागे, पाठीवरचे केस उभे, शेपूट पायांत. समोर रिकामी पायरी. काकूंचा कुत्रा पांड्या तिथंच बसायचा. दिवाळीत गेला बिचारा. काकू अजून त्याचा भाकरीचा कुटका तिथं ठेवतात. मोतीबिंदूनं त्यांना धड दिसत नाही.

"पांड्या दिसला असन त्याले. शेपूट हालवून राहिला ना?"

"हो काकू," म्हटलं. दुसरं काय सांगणार?

पण शेपूट पायांतच होतं. पांड्या दिसला की हाच शेरू शेपूट हलवत पुढचे पाय पसरून त्याला खेळायला बोलवायचा. मग आज पायरीवर कोण होतं? उद्या काकू चाचपडत तिथंच हात पुढे करतील.