परगावी गेलेल्यांचे वावर

स्मशानाचे भस्म ज्या शिवाने भूषण मानले, त्याच्या कृपेने हात अजून स्थिर आहे.

मी, शिवलिंग रेवाप्पा जंगम, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार माळवस्ती, कडेगावनजीक, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की –

राहते घर, विहीर व इंजिन पुतण्या नानासो यास द्यावे. त्याने माझी सेवा केली आणि ती चारचौघांत ऐकवलीही. दोन्ही माझ्या ध्यानात आहे.

पोथ्या जोतीराम कांबळे मास्तरांस द्याव्यात. आमच्या देवांवर त्यांचा विश्वास नाही. पण पान उलटताना ते बोटाला थुंकी लावीत नाहीत.

ओढ्याकाठच्या वावराविषयी सविस्तर लिहितो. शके १८४० च्या आश्विनात मानमोडीचा ताप आला. सरण रचण्यास लाकूड उरले नाही, खांदेकरीही उरले नाहीत. पुरण्याचा संस्कार आम्हा जंगमांचा. म्हणून वडिलांनी सर्व जातींची माणसे या वावरात घेतली आणि प्रत्येकाच्या कपाळी भस्म लावले. मास्तरांची आजीही तेथेच आहे.

'मेला' शब्द उच्चारला तर साथ उंबऱ्यात ठाण मांडते, अशी समजूत होती. म्हणून लोक 'गावाला गेली' म्हणत. कोतवालास हे उमगले असते. पण तो पहिल्याच आठवड्यात वारला. नोंदीस आलेला कारकून परमुलखातला. माझी आई आक्काताई आत गतप्राण, धडप्याच्या जाड कापडाखाली झाकलेली असताना वडील दारात त्याला हेच बोलले. त्याने 'परगावी' लिहिले. अशाने सरकारी नोंदीत गावचे मृत सातच भरले. एकट्या आमच्या वावरात त्रेसष्ट आहेत.

गेल्या वर्षी ओढ्यावर पंप बसला आणि नानासोने तेथे ऊस लावण्याचे काढले. मी अडवले, तेव्हा म्हणाला, "आवं आप्पा, कचेरीत बगून आलूय. सरकारात सातच हाईत, ते बी मसणवट्यात जळल्याली. हितं कोण न्हाई."

सबब ते वावर मी तेथे निजलेल्यांच्याच नावे करीत आहे. नावे सोबत जोडली आहेत. धाकटी बहीण बारशाआधी गेली. तिचे नाव या लेखाने मनुबाई ठेवतो.

वकील म्हणाले, मृतांच्या नावे जमीन होत नाही.

मी म्हटले, "सरकारला विचारा. ती मेलेली नाहीत. परगावी आहेत."

वकिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पुढचे कलम सांगा म्हणाले. ते असे: नानासोस वावर हवे असल्यास त्याने एकेकाचा मृत्यू सरकारी दप्तरी चढवून घ्यावा. शेवटचे नाव चढेल त्या दिवशी वावर त्याचे. मग खुशाल नांगरावे. माती कोणावर रुसत नाही. तोवर व्यवस्था मास्तरांनी पाहावी.

साक्षीदार : सिद्धू यल्लाप्पा माळी (सही)
चंद्राबाई गुंडा पवार (डाव्या अंगठ्याची निशाणी)

सही : शिवलिंग रेवाप्पा जंगम
माळवस्ती, माघ वद्य चतुर्दशी, शके १८९७

हे वाचणाऱ्या प्रत्येकाचे घर भरलेले राहो, आणि त्याची वेळ येईल तेव्हा त्याचे नाव मोठ्याने घेणारे कोणी मागे असो.