फुलाच्या वाट्याचं गोडं पाणी

९ जानेवारी १९७३

आले एकदाचे हे मुंबईहून. आणि नुसते नाही आले — समुद्र घेऊन आले!

गेले होते दुकानासाठी सायकलींचा माल आणायला. मुक्काम माझ्या भावाकडे. माल राहिला बाजूला, वांद्र्याच्या खडकांवर ओहोटीच्या पाण्यात हिंडत बसले म्हणे. लोणच्याच्या बरण्यांत समुद्राचं पाणी, बरण्यांभोवती चिंध्या, सगळं पोत्यात आणि पोतं मांडीवर. रात्रभर रेल्वे, मग नांदुऱ्याहून एस.टी. कंडक्टर म्हणाला, "भाऊ, लोणचं हाय का बाळंतीण? किती जपून राह्यले!"

एका बरणीत पट्ट्यापट्ट्यांचा मासा आणि शंखात राहणारा खेकडा. बाकीच्या बरण्यांत नुसतं पाणी आणि तळाला रेती. दुसऱ्या एका बरणीत दोन दगड. एकावर पोवळं — मला ते मधमाशांचं सुकलेलं पोळं वाटलं. दुसऱ्यावर कपाशीच्या बोंडाएवढा गिळगिळीत गोळा. ह्याला म्हणे समुद्रफूल म्हणतात! फुलाचं एक लक्षण नाही.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. "भगवंता, हे खायाचं हाय का पुजायचं?"

"पाह्याचं हाय, माय."

त्या परत चुलीकडे गेल्या.

आधी कोंबड्या झाल्या. मग मधमाश्या. मग बासरी. एकही वेड दोन महिन्यांपुढे गेलं नाही. हे होळीपर्यंत टिकलं तर मी नाव बदलीन.

१३ जानेवारी

दुकानातल्या कपाटाच्या काचा निघाल्या. लाकडी चौकट, सांध्यांना डांबर, अशी काचेची पेटी पडवीत उभी राहिली. सकाळचं ऊन थेट तिच्यावर येतं.

पाण्याला हवा लागते म्हणे. विजेचा तर आमच्याकडे भरवसा नाही. ह्यांनी ट्रकची जुनी ट्यूब भिंतीला टांगली, पंपाने टम्म फुगवली, तिला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडली आणि टोकाला वेताचा तुकडा. वेतातून बारीक बारीक बुडबुडे! जन्मभर पाण्यात बुडबुडे दिसले की पंक्चर काढलं. आता मुद्दाम पंक्चर करून त्याच्यापुढे मांडी घालून बसलेत, आणि चेहरा असा की पोराची मुंज आहे.

१७ जानेवारी

उघडलं!!

सकाळी भाकरी थापत होते. "अवं, लवकर ये! लवकर!" — मला वाटलं पेटी फुटली. धावले. तो गोळा नव्हताच तिथे. तिथे फूल होतं. हिरवट पाकळ्या, टोकं जांभळी, आणि सगळ्या हलत होत्या, वारा नसताना. ह्यांनी काडीने मटणाचा धागा लावला. पाकळ्यांनी तो हळूच धरला, आत नेला, आणि पुन्हा पसरल्या.

मी पीठभरल्या हातांनी बघत राहिले. इतकं सुंदर काही मी आजवर पाहिलं नाही, खरंच नाही. भाकरी तव्यावर कोळसा झाली. सासूबाई बोलल्या नाहीत, कारण त्याही तिथेच उभ्या होत्या.

२ फेब्रुवारी

पाणी आटतंय. काचेवर खडूची रेघ मारली होती, तिच्या खाली गेलंय. ह्यांना मुळीच काळजी नाही. "अवं, साऱ्या दुनियेत खाऱ्या पाण्याची चिंता आपल्याले कायची? आपली विहीर हाय ना!"

हे मात्र खरं. आमच्या गावच्या पाण्याने चहा नासतो, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पहिल्यांदाच ह्या विहिरीचं कोणी कौतुक केलं. बादली भरून ओतली.

६ फेब्रुवारी

मासा गेला. फूल मिटलं ते उघडत नाही. हे अर्ध्या ताटावरून उठून पेटीपुढे जाऊन बसले.

७ फेब्रुवारी

आमटी ढवळताना डोक्यात आलं. आटलेल्या आमटीत आपण मीठ घालतो का? पाणी घालतो! वाफ होते पाण्याची, मीठ तिथेच राहतं. वर पुन्हा विहिरीचे खार — ते तरी कुठल्या समुद्राचे?

बाहेर जाऊन सांगितलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग कपाळावर हात मारून हसले. "म्हंजे याले गोडं पाणी पायजे! खाऱ्याच्या जनावराले गोडं!"

आणि गोडं पाणी हीच तर आमच्याकडची दुर्मीळ वस्तू. दुकानातला दयाराम सायकलला घागर बांधून डोंगराकडच्या विहिरीवरून आणतो — पिण्यापुरतं आणि डाळीपुरतं. यंदा पाऊसही नाही. तरी ठरलं. राखून ठेवलेल्या बरणीतलं समुद्राचं थोडं पाणी बदलून घातलं, आणि रोज सकाळी रेघेपर्यंत गोडं. घालणार फक्त हे. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही!

१८ फेब्रुवारी

इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत सायकलचे छर्रे भरून, बूच लावून, ती पाण्यात तरंगत सोडलीय. बाटली वर आली की पाणी जास्त खारं झालं, खाली गेली की कमी. ह्या माणसाने शाळा सातवीत सोडली ह्याचं मला आज फार वाईट वाटलं.

११ मार्च

पुन्हा काहीतरी बिघडलंय. खेकडा शंखातून अर्धा बाहेर आला आणि तसाच मेला. फूल आक्रसून सुपारीएवढं. पाणी रेघेवर आहे, छर्ऱ्यांची बाटली जागेवर आहे. मग झालं काय?

१५ मार्च

सापडलं. पंक्चर शोधतात तसंच शोधलं ह्यांनी. आधी मटण बंद करून पाहिलं. मग वेताची काडी बदलली. मग रेती धुतली. शेवटी विचारलं, "गोडं पाणी ठेवता कशात?"

केलं होतं सासूबाईंनी! फुलावर माया बसली त्यांची. कोणाला न सांगता फुलाचं पाणी आदल्या दिवशीच तांब्याच्या हंड्यात भरून ठेवायला लागल्या होत्या. हंडा रोज चिंचेने घासून लखलखीत. तांब्याचा अंश पाण्यात उतरत होता.

"तांब्यातलं पाणी माणसाले चांगलं, अन् याले इख?" म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघवेना.

हे त्यांच्याजवळ बसले. "माय, तुया हंड्याची काही चूक नाही. हे जनावरच येगळ्या देशातलं हाय."

आता फुलासाठी वेगळं मातीचं गाडगं. राखलेल्या बरण्या रिकाम्या झाल्या. आता जे पेटीत आहे तेवढाच समुद्र.

२० मार्च

होळी होऊन गेली. हे रोज सकाळी गाडगं घेऊन पेटीपुढे हजर. नाव काय ठेवू स्वतःचं?

९ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. पेटीभोवती ओलं गोणपाट, वर पळसाची पानं. गोणपाटाला विहिरीचं पाणी चालतं, तेवढं तरी नशीब. दुपारी दुकान बंद करून हे गोणपाट भिजवायला घरी येतात. गिऱ्हाईक ओरडतं.

दिवेलागणीला मला हात धरून पेटीजवळ नेलं. ते वाळकं पोळं — पोवळं — त्याच्या घराघरातून इवली इवली तोंडं बाहेर आली होती! तीन महिने मी ज्याला दगड समजले ते सगळं जिवंत! "मी रोज पाहून राह्यलो होतो," म्हणाले, "म्हटलं तुले पूर्ण उमलल्यावरच दाखवावं."

लग्नाला एवढी वर्षं झाली. दोन्ही मुली आपापल्या घरी नांदतायत. आणि ह्या माणसात एवढी चिकाटी आहे हे मला आत्ता कळतंय.

२४ एप्रिल

डोंगराकडची विहीर खाली गेली. दयाराम सांगत आला, "वहिनी, आता घराले एकच घागर. तेही एक दिवसाआड."

तिघांची वाटणी केली मी. डाळीचं वेगळं काढलं. फुलाचं कुठून काढू? ऊन वाढलं तसं त्याचंही गाडगं वाढलंय.

"त्याचं मी पाह्यतो," म्हणाले. आणि स्वतःच्या वाट्यातलं गाडग्यात ओतलं. स्वतः विहिरीचं खारं प्यायले, तोंड वाकडं न करता. मी चिडले. गेल्या वर्षीच पाठीत कळ आली होती, खारं पाणी जपून प्या म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं. "चार दिवसाचं हाय," म्हणतात.

५ मे

अक्षय्य तृतीया, आमच्याकडची आखाजी. पितरांसाठी घागर भरायची. गोडं पाणी जेमतेम. मी विचारात पडले. सासूबाईंनी सरळ विहिरीचं पाणी घागरीत भरलं, वर खरबूज ठेवलं, हात जोडले.

"आत्याबाई, पितरांना खारं?" मी त्यांना विचारलं.

"तुया सासऱ्यानं जनमभर हेच पेलं. आता गोडं देल्लं त वळखणार बी नाही."

हसू की रडू! आणि उरलेल्या गोड्यातलं फुलपात्रभर पाणी त्यांनी फुलाच्या गाडग्यात टाकलं.

११ मे

दुपारी दुकानातून दयारामने ह्यांना हातगाडीवर घातलं आणि घरी आणलं. पाठ धरून आडवे. घामाने चिंब. मुतखडा.

१३ मे

तालुक्याच्या जळगावचे डॉक्टर येऊन गेले. डोळ्यांत डोळे घालून म्हणाले, "खारं एक थेंब नको. गोडं पाणी दिवसभर, पोटात मावेल तेवढं. नाही तर मूत्रपिंड हातचं जाईल, मग मला बोलावू नका."

मी माझा वाटा दिला. सासूबाईंनी अर्धा दिला. चुलीवर खारं पाणी उकळून ताटलीवरची वाफ धरून पाहिली — दोन ओझी लाकडं जळाली आणि हाती आलं वाटीभर. शेजारच्या रुक्मिणीबाईंनी तांब्याभर दिलं, पण रोज कोणाकडे मागणार? त्यांच्याकडेही लेकरं आहेत.

१६ मे

मला फसवतात! तांब्या रिकामा करून मला दाखवतात, आणि अर्धं पाणी गाडग्यात. सासूबाईंनी पाहिलं. मी खूप बोलले. नको ते बोलले.

ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाले, "त्याले मीच आणलं ना वं? ते का सोताच्या पायानं आलं?"



१९ मे

दयाराम म्हणाला, "भाऊ, मी नेतो मुंबईले. सोडून देतो समुद्रात." हे पेटीकडे बघत म्हणाले, "ह्या उन्हात? बरणीतलं पाणी भुसावळच्या आतच तापून जाईल. मरायचंच असंल त घरी मरू दे."  

ह्यांनी खाट पडवीत हलवायला लावली, पेटीच्या समोर. पडल्या पडल्या ट्यूबचा आवाज ऐकतात. हवा कमी झाली की माझ्याआधी त्यांना कळतं. सकाळी फूल उघडलं — एवढ्या उन्हात, एवढ्याशा पाण्यात, पहिल्या दिवशीइतकंच टवटवीत. मुंबईच्या मोठ्या मत्स्यालयातही इतकं जपत नसतील. जे कोणालाही जमलं नसतं ते ह्यांनी सायकलच्या दुकानातल्या भंगारावर करून दाखवलं. मला ह्या माणसाचा अभिमान वाटतो. आणि भयंकर राग येतो.

२२ मे

पहाटे लघवीतून रक्त. डॉक्टर पुन्हा आले, इंजेक्शन दिलं. दारात मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात पाणी आहे ना, बाई?"

मी हो म्हणाले.

२३ मे

फुलाचं गाडगं आज मी उचललं. पेटीतलं पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं. ते सगळं गोडं पाणी ह्यांच्या तांब्यात ओतलं आणि खाटेजवळ नेऊन ठेवलं. वाटलं, ओरडतील, तांब्या भिरकावतील. त्यांनी रिकाम्या गाडग्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. समोर फूल पूर्ण उघडलेलं होतं. मी हाताला धरून त्यांना बसवलं, आणि त्यांनी ते सगळं पाणी पिऊन टाकलं.