तापवलेलं सीताफळ

शनि. २५ ऑक्टो.
पाव्हण्यांच्या आधी टपकली ती शेजारची कौसा. गाडी अजून हायवेलाच, अन् ही ओट्यावर बसून म्हणती, "सून दिवाळी माहेरी करून मग सासरी येती व्हय गं?" म्या म्हणलं, येती की, ये म्हणायला सासू जिती हाय तवर येती. उठाया लागली. पण चहा पिऊनच गेली.

बाराला उतरल्या. सून स्वाती अन् नात पिहू. महेश न्हाय. रजा न्हाय म्हणं. आईला भेटायची रजा कुठल्याच हापिसात मिळत न्हाय वाटतं.

पिहू आठ वर्षांची, हात धरला तर नुसतं हाड लागतं. पावसाळ्यात कावीळ झाली, तवापासून भाकरी बघितली की तोंड फिरवती. नुसतं पिती. काय, तर स्मूदी. त्याच्यासाठी पुण्याहून मिक्सर आणला, बाटल्या आणल्या. आपल्याकडं मिक्सर हाय, पण त्यात मसाला वाटतो ना, वास येतो म्हणं.

असू दे. आज लई आनंद. स्वाती स्वतःहून म्हणली, "आई, हिचं पोट इथं नीट भरलं तर मे महिन्यात महिनाभर ठेवते तुमच्याकडे." शनिवारपतोर हायत. म्हणजे आठवड्याची परीक्षा. चौथीनंतर कुठली दिली न्हाय.

रवि. २६
सकाळी उंबऱ्यात बसून बघितलं. केळं, खजूर, दही, काळं बारीक बी. बर्फ घालायचा न्हाय, पाणचट होतं; केळ्याच्या फोडीच आदल्या दिवशी गोठवायच्या. हे म्या वहीत लिहून घेतलं. हात लावाया गेले तर, "आई, राहू द्या, मी करते."
आमच्या ह्यांनी वास घेतला अन् म्हणले, "हे तर शिकरणच हाय की, शहरात जाऊन आलेलं." पिहू खुदकन् हसली. सून न्हाय हसली. हे अन् पिहू चावडीसमोर फिरायला गेले. येताना ह्यांच्या टोपीत बोरं. अजून पिकली न्हाईत, तरी आणली.

सोम. २७
आज माझी पाळी! बांधावरच्या झाडाची सीताफळं, डोळे उघडलेली, मऊ. गर चाळणीवर हातानं चोळून काढला. बी मिक्सरमधी गेली की संपलं, हे मला कुणी शिकवायला नको. म्हशीचं गार दूध, दोन खजूर, चिमूटभर विलायची. लई येळ फिरवलं न्हाय.
पिहूनं पेला उलटा केला. पांढऱ्या मिश्या. "आजी, उद्या पण हीच."
अर्धा पेला स्वातीनंबी पिला. म्या बघितलं.
एक बाटली उरली. म्हणली, "काठोकाठ भरा, वर हवा ठेवू नका, झाकण घट्ट, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला. उद्या दुपारपर्यंत चालेल." सगळं तसंच केलं.
मे महिन्यात पिहूला गोधडी कुठली द्यायची ते ठरवून टाकलं. निळी.

मंगळ. २८
लिहू वाटंना.
पहाटं पिहू दोनदा शिंकली. स्वाती आंघोळीला. बाटली काढली तर गार ढोण. आमच्या घरात रातीचं दूध सकाळी तापवल्याबिगर लेकराला देत न्हाईत. माझ्या सासूनं दिलं न्हाय, म्या महेशला दिलं न्हाय. तर म्या ते पातेल्यात ओतून तापवलं. मंद आचेवर, हलवत. जरा दाणे धरले, रंग उतरला. वरून गूळ टाकला.
चाखलं न्हाय. लेकरासाठी केलेलं आपण आधी तोंडाला लावून उष्टं करायचं न्हाय. तेबी सासूचंच.
पिहू एक घोट पिली अन् माझ्याकडं बघाया लागली. "आजी, थोडं कडू आहे." अन् तरी पिली. अर्धा पेला. आजीनं केलं म्हणून पिली. मग न्हाणीपाशी सगळं ओकली, कालचंबी.
"तापवलं? आई, स्मूदी कोणी तापवतं का?" ती वरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलली.
महेशचा फोन. त्या पोचल्या तवा फोन न्हाय, आज आला. "आई, तू कशाला हात लावतीस? ती करती ना." पिहू कशी हाय ते त्यानं बायकोला इचारलं. मला काय इचारायचं राहिलंच न्हाय.
पातेल्याच्या तळाचं बोटानं चाखलं. कडूजहर.

बुध. २९
गेल्या. शनिवारी जायच्या त्या आज. पिहूनं गळ्यात हात टाकले, "आजी, मला आता बरं वाटतंय." म्या म्हणलं, राहा की मग. तिनं आईकडं बघितलं.
स्वाती गाडीत बसल्यावर म्हणली, "पौषी पुनवेला येऊ आई, जत्रेला." मे महिन्याचं नाव न्हाय. म्याबी काढलं न्हाय.
कौसा आलीच. "लवकर गेल्या गं?" म्या म्हणलं, शाळा हाय. "दिवाळीच्या सुट्टीत?"

रवि. २ नोव्हें.
थोडा गर घेऊन निराळा तापवला. दूध न्हाय, गूळ न्हाय. तरीबी कडूच! म्हणजे दूध नासलं म्हणून न्हवं, सीताफळाला आगच सोसत न्हाय. तीस वर्षं झालं झाड दारच्या रानात, अन् मला ठाऊक न्हाय. सासूलाबी न्हवतं. ठाऊक असतं तर ती बोलल्याबिगर राहिली नसती.

शुक्र. ७
रोज एक करती. लिंबाचे चार थेंब टाकले तर गर काळा पडत न्हाय, पण दूध घालायच्या वक्ताला कमीच बरं. हे म्हणले, "कोण पिणार हे?" म्या म्हणलं, तुम्ही. पितात बिचारे. कौसाबी पिती, पेला चाटून पुसून, वर म्हणती, "सुनेच्या हातची गोष्टच न्यारी असंल." तिला उद्यापासून बंद.

शुक्र. १४
लाईट दुपारभर न्हवती. पिहूसाठी गोठवून ठेवलेला गर अर्धा वितळला. परत गोठवला, चाखला (आता मी आधी चाखती, उष्टं तर उष्टं) – चव गेली. सगळा म्हशीला. झाडावर आता सातच फळं.

मंगळ. १८
सातांचा गर पिशवीत चपटा करून, हवा काढून ठेवला. फ्रीजर उघडायचा न्हाय म्हणून ह्यांना ताकीद. भोवती मिठाच्या पाण्याच्या बाटल्या गोठवल्यात, लाईट गेली तरी धरतील.
सांजच्याला फोन. पिहू बारीक आवाजात, "आजी, मला ती पहिली वाली पाहिजे. कडू नाही ती." पाठीमागून स्वाती, "कोणाशी बोलतेस?" पोरीनं फोन ठेवला.

रवि. २३
देव पावणेदोन महिन्यांसाठी नळदुर्गाला गेले, पौषी पुनवेची जत्राबी तिथंच. गाव रिकामं वाटतंय. आमच्या खंडोबाला न्यायचं म्हणलं तरी दोन्ही गावची माणसं बसून कागद करत्यात, अमक्या दिवशी परत आणून पोचवू म्हणून. सुनेला कागद कोण मागणार. तिनं गाडीची काच वर घेता घेता सांगितलं, तेवढंच माझ्यापाशी.
फ्रीजरातल्या गराच्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवली, इथंबी लिहून ठेवती:
यायचं म्हणल्या तो दिवस – पौषी पुनव, शनिवार.