दादा फुग्यात बसला

४ मार्च
आली एकदाची रबरी होडी! खोकं दारातून आत जाईना, म्हणून जिन्याखालीच फोडलं. वहिनीने पायपंप मारायला घेतला, करड्या रबराला हळूहळू अंग भरत गेलं — आणि जिना बंद! वरच्या वकीलबाई पिशव्या घेऊन खोळंबल्या. "पन्नाशी उलटली तुमची, आणि फुगे कसले फुगवताय?"
म्हणून नाव तेच. फुगा.
आता इंजिन चालू करायला दोरी ओढणं संपलं. काठापासून नांगरावरच्या आमच्या शिडाच्या बोटीपर्यंत जायचं अंतर एवढंसं, पण जुन्या होडीच्या पेट्रोल इंजिनाने वहिनीचा खांदा पार कामातून घालवला होता.

६ मार्च
दादाने विजेची मोटर उचलून पाहिली. "ही? आमचा मिक्सर याहून जास्त बोंबलतो."
वहिनी म्हणाली, "तुम्हाला काय करायचंय? तुम्ही थोडेच बसणार आहात!"
खरंच आहे. बादलीतलं पाणी हललं तरी माझ्या भावाला मळमळतं. बोट घेतली तेव्हा एकदाच आला होता, जुन्या होडीतून. बोटीवर पोचायच्या आत हिरवा-पिवळा! तेव्हापासून काठावरून हात हलवतो. म्हणून शिडाच्या बोटीने बेटावर आम्ही नणंद-भावजयच जाणार. एप्रिलमध्ये. दरवर्षी नुसत्या गप्पा होतात, यंदा जायचंच.

९ मार्च
फजिती! फुगा पाण्यात, आम्ही फुग्यात, मूठ पिळली — ढिम्म. बॅटरी काढली, परत लावली. ढिम्म. वहिनीने मोटरचं कूळ उद्धरलं. शेवटी बंदरातला दुरुस्तीवाला धक्क्यावरून म्हणाला, "ती लाल दोरी कुठाय? मनगटात अडकवायची, आणि टोकाचं लोहचुंबक मोटरला चिकटवायचं. त्याशिवाय नाही चालायची. तुम्ही पाण्यात पडलात तर ते सुटतं, मोटर थांबते."
दोरी? दोरी घरी, खोक्यात!
वल्ही मारत गेलो. हसून हसून वल्हं धरवेना.

१० मार्च
चालली! आवाज म्हणजे पाणी कापल्याचा, तेवढाच. वहिनीला मात्र इंजिनाच्या वरताण ओरडायची सवय. "अगं, त्या शेजारच्या बोटीवाल्याची ढेरी बघ!" ढेरीने वळून आमच्याकडे पाहिलं.

१४ मार्च
पूर्ण जोरात पळवलं की बॅटरी बघता बघता बसते. सावकाश गेलं तर खूप पुरते. हे शहाणपण आम्हाला बंदराच्या तोंडाशी, ओहोटीत सुचलं. पुन्हा वल्ही!
बोटीच्या मागच्या कठड्यावर सोलर पॅनेल लावलं, बॅटरी आता बोटीतच चार्ज होते. मोटर मी एका हाताने वर घेते. वहिनीने सफरीत फुगा पुढच्या डेकवर पालथा घालून बांधायला पट्टे शिवले. पट्टे कसले, बैल बांधावा असे!

१९ मार्च
आज आक्रीतच झालं.
दादा जेवणाचा डबा घेऊन धक्क्यावर आला. वहिनी म्हणाली, "अहो, फुग्यात नुसतं बसून तरी बघा. दोर बांधलेलाच आहे." बसला. डोळे घट्ट मिटून. थोड्या वेळाने एक उघडला.
"वास कुठे गेला?"
"कसला?"
"पेट्रोलचा."
"त्यात पेट्रोल नसतंच, दादा."
तेवढ्यात वहिनीने दोर सोडला. लबाड! त्याला कळलं तेव्हा आम्ही बंदराच्या मधोमध. मी म्हटलं, झालं आता! डबा बाजूला सरकवला. तर दादा म्हणतो, "ती मूठ जरा माझ्याकडे दे."

२० मार्च
चहाच्या आधीच दादा दारात. लाल दोरी मनगटात घालूनच घरून निघाला होता.

२५ मार्च
दादाला शिडाच्या बोटीवर चढवून पाहिलं. नाही जमलं. ती जराशी डुलली आणि हा पांढराफटक. फुग्यात उतरवल्यावर जिवात जीव आला. म्हणाला, "इथे पाण्याला हात पुरतो गं."

३० मार्च
दादा-वहिनी खाडीत पार आतपर्यंत गेली. परत आली ती उन्हाने लाल होऊन, वहिनीच्या केसांत पानं. दादा बगळ्यांबद्दल बोलत सुटला. "उडतच नाहीत! आपला आवाजच नाही ना. हातभर अंतरावरून गेलो!" वहिनी गप्प. जिभेला हाड नसलेली बाई, आणि गप्प!

५ एप्रिल
वहिनी बोटीत बॅटरी पुसत बसली होती. पुसलेलीच पुन्हा पुसत होती.
"वन्सं," म्हणाली. एरवी नावाने हाक मारते. वन्सं म्हटलं की समजावं, पुढे काहीतरी आहे.
"मी नाही आले बेटावर, तर?"
मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.
"इतकी वर्षं मी पाण्यावर आणि ते काठावर. आता कुठे उतरलेत. खाडीच्या उगमापर्यंत जाऊ म्हणतात. रात्री काठावर तंबू टाकायचा."
"जा की!" म्हटलं, आणि आत जाऊन भांडी आपटली. राग नाही. आहे थोडा. फुग्याचा हट्ट कुणाचा होता? माझाच!

६ एप्रिल
रुसले. पण बोटीत नीट रुसता येत नाही, उठलं की छताला डोकं आपटतं.

९ एप्रिल
दादा आला, मागोमाग वहिनी. त्याची मान खाली. "फुगा तू ने. सफरीसाठीच घेतला होतास."
"बेटाला पक्का धक्का आहे. बोट थेट बांधता येते. फुगा राहू दे तुम्हालाच."
त्याचं तोंड असं उजळलं की माझा उरलासुरला राग पळाला. मग दचकून म्हणाला, "आणि तुझ्याबरोबर कोण?"
"कोणी नाही."
"वेडी आहेस का?"
वहिनी म्हणाली, "जाऊ दे तिला. शीड ती माझ्याहून बरं सांभाळते. आजवर मी आपली बोलायला होते!"

१२ एप्रिल
निघाले! दादा-वहिनी फुग्यातून बंदराच्या तोंडापर्यंत सोबत आली. सुकाणू दादाकडे, उपदेश वहिनीकडे. "पोचलीस की फोन कर गं! उन्हात बसू नकोस! डोकं सांभाळ!" मग दोघं खाडीकडे वळली. एकदम शांत झालं. मी मोठ्याने गायला लागले. बेसूर! ऐकायला कोण आहे?

१३ एप्रिल
बेट सकाळीच मागे पडलं. वारा इतका सुंदर होता, थांबलेच नाही.