दाढेतलं सुकेळं

रविवार, ११ मार्च १९८४

संध्याकाळी लीनाचे दात घासताना मागच्या दाढेत काहीतरी तपकिरी चिकटलेलं दिसलं. काडीने काढलं तर सुकेळं.

दोन दिवस ती गासला माझ्या बहिणीकडे, मार्थाकडे होती. लीनाच्या मूत्रपिंडांना केळं झेपत नाही, वाळवलेलं तर विषच, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मार्था माझ्या शेजारीच उभी होती. मानही डोलावली होती तिने. परक्या कोणी दिलं असतं तर भांडले असते. सख्ख्या बहिणीला काय म्हणू? तो तुकडा बशीत ठेवलाय, तिला दाखवायला.

लीना आधी खोटं बोलली. मग म्हणाली, "मावशी म्हणाली, सुकेळं चघळलं की तोंडाचा वास जातो. मग चर्चमध्ये मुली शेजारी बसतात. तुला सांगू नको म्हणाली."

तो वास तिच्या आजाराचाच आहे, घासूनही जात नाही. तिला तो कळतो हे मला ठाऊक नव्हतं.

"मग मला का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"तू पण माझे दात घासताना श्वास रोखून धरतेस."

बशीतला तुकडा आता कोणाला दाखवू?