अठ्ठावीसचा फाइंडर

३ ऑक्टोबर १९५८, अलेक्झांड्रिया
आज कैरोहून आले. खोली स्टुडिओच्या वरच, भरपूर उजेडाची. टेबलावर ताजे पेरू ठेवले होते, नर्सेस नावाच्या माणसाने. माझ्या नवऱ्याचा, गार्बिसचा, तो भागीदार. म्हणाला, वहिनी, स्टुडिओ तुमचाही आहे, छपाई तुम्ही सांभाळा. फक्त माझ्या हातची कॉफी पचवून दाखवा, मग इथे कशालाच घाबरणार नाही. वर्षभराने हसले.

गार्बिस गेल्या वर्षी याच इमारतीच्या गच्चीवरून पडून गेला. तेव्हा नर्सेस सोबत होता. त्याने पत्रात लिहिलं होतं, सगळं बंदर चौकटीत बसावं म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावून मागे मागे सरकत गेला. फोटोवाल्यांच्या बायकांना ही धास्ती असतेच. तुला मागे ठेवून कुठे जाणार नाही, असं गार्बिस म्हणायचा. गेलाच.

७ ऑक्टोबर
खणात, लेन्स पुसायच्या फडक्यांखाली, गार्बिसचा फाइंडर सापडला. फोटोची चौकट बघायची काच, अंगठ्याएवढी, कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवायची. हा अठ्ठावीस मिलिमीटरच्या, रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सचा. बुडाशी त्याने माझं नाव कोरलं आहे. नर्सेसने परत पाठवलेल्या कॅमेऱ्यावर पन्नासची, अरुंद दृश्याची लेन्स आहे, तरी चढवला. नवशिक्याची चूक: त्यात दिसतं तेवढं फिल्मवर येत नाही. पण किती दिसतं!

९ ऑक्टोबर
जिने झाडणारी उम्म साब्री फाइंडर बघून म्हणाली, अगं बाई, हा तर साहेब पडले तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यावर होता, रस्त्यावरून मीच उचलून नर्सेससाहेबांना दिला. पुढे लेन्सही आखूड, चपटी होती म्हणे. पन्नासची तशी नसते.

दुपारी गच्चीवर गेले. दारातच उभी राहून पाहिलं. अख्खं बंदर बसतं. एक पाऊलही मागे घ्यावं लागत नाही. मग तो मागे कशाला सरकेल?

आणि चौकटीच्या कडेला, कठड्यापाशी, गार्बिस. फाइंडरवरून डोळा काढला. कोणी नव्हतं.

१० ऑक्टोबर
पुन्हा दिसला. हात हलवत होता. बोलावतो की सावध करतो, कळेना. सावधच करत असणार. मग पाठ फिरवली. काळ्या कोटावर दोन तळव्यांचे पांढरे ठसे. हायपोत, फोटो पक्का करायच्या रसायनात, बुडवलेले हात वाळले की असेच पांढरे होतात. तेव्हा डार्करूम नर्सेस बघायचा.

११ ऑक्टोबर
नर्सेसला विचारलं, गार्बिस पडला त्या दिवशी लेन्स कोणती होती. पन्नासचीच हो वहिनी, म्हणाला, आता ते आठवून डोकं कशाला शिणवता. मी फाइंडर पुढे ठेवला. त्याने हात लावला नाही. म्हणाला, उद्या दुपारी गच्चीवर चला, तो पडला ती जागा दाखवतो.

गार्बिसच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला याच्या हातचा घास खाल्ला मी. भाऊ म्हटलं याला —

१२ ऑक्टोबर, दुपार
उम्म साब्री आलीच नाही. सुटी दिली म्हणे — त्याने. रस्ता झोपलेला. खोलीला आतून कडी घातली आहे.

जिन्यावर पावलं. वहिनी, चला, उजेड छान आहे, म्हणतोय. किती गोड आवाज —

फाइंडरमधून दाराकडे पाहिलं. गार्बिस. दाराला पाठ लावून उभा. देवा, आला. माझ्यासाठी —

हसतोय. तसाच हात हलवतोय. आता कळलं. सावध नव्हता करत — पहिल्यापासून बोलावत होता. मला मागे ठेवून जायचं नाही म्हणून —

फाइंडर खाली ठेवला. दारापाशी कोणी नाही. पण कडी —

आतली कडी आपोआप सरक