माहेरचे शब्द

बाई, आज इथे जपानमध्ये, आमच्या कावासाकीच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली, आणि ती सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचेना. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी असं काही घडलं की मन आधी तुमच्या पुण्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतं. रविवारची सकाळ आहे, तुम्ही मेथी निवडताय आणि मी जर्मनचा धडा वाचतेय. ‘इश विल गेहेन’चं मी ऐटीत भाषांतर केलं, ‘मी जाईन.’ तुमचा हात थांबला. “जाईन नव्हे, जायचंय. इंग्रजीतला ‘विल’ डोक्यातून काढ. या भाषा सख्ख्या बहिणी असल्या, तरी वेगवेगळ्या घरी दिलेल्या. माहेरचे शब्द सोबत नेले, पण सासरी त्यांचे अर्थ बदलले.” मी तोंड पाडलं, तेव्हा तुम्ही हसलात. “हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. माझ्याकडे दोन्ही मिळतं.” आणि त्याच मेथीचं गरम थालीपीठ माझ्या पानात वाढलंत.

आमच्याकडे नॉर्वेची एक मुलगी पीएच.डी. करते. गेल्या महिन्यात तिचे वडील गेले. अंत्यविधी उरकून ती परत आली ती गावाकडचं तपकिरी चीज घेऊनच. चहाच्या खोलीत तिने त्याचे पातळ काप केले आणि सगळ्यांना हसून वाढले. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ शास्त्रज्ञ डेन्मार्कचे. ते दोघं एकमेकांशी आपापल्या भाषेत बोलतात आणि त्यांचं छान जमतं. काप घेताना ते तिला काहीतरी म्हणाले. तिचा चेहरा उतरला आणि ती तशीच बाहेर निघून गेली. त्यानंतर तीन आठवडे ती त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा धड बोलली नाही.

आज जेवताना ती मला म्हणाली, “मी सगळं सोडून घरी जातेय.” का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “ते मला ‘रार’ म्हणाले. विचित्र. खरंच आहे ते. वडील गेले आणि मला अजून रडू आलेलं नाही. मी चीज वाटत बसले.” मी विचारलं, “पण ते कुणाच्या भाषेत म्हणाले?” मी तिला हाताला धरून त्यांच्या टेबलाशी नेलं. डॅनिश मला येत नाही, तुम्ही शिकवलेल्या जर्मनवर काही तिथवर पोचता येत नाही. म्हणून सरळ इंग्रजीत विचारलं, की तुमच्याकडे ‘रार’ म्हणजे काय? ते गोंधळले. “रार म्हणजे... मायाळू माणूस. एवढ्या दुःखातही हिला आमची आठवण राहिली, म्हणून म्हणालो. का, काय झालं?”

तिने तिच्याकडचा अर्थ सांगितला. ते कितीतरी वेळ कपाळाला हात लावून बसले. मग उठले आणि त्यांनी तिला जवळ घेतलं. बाई, ती तिथेच, सगळ्यांसमोर, वडिलांसाठी रडली. पलीकडच्या टेबलावरच्या जपानी सहकाऱ्यांनी हळूच ट्रे उचलले आणि त्यांना जागा करून दिली.

संध्याकाळी स्टेशनपर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. घरी जायचं नाव ती आता काढत नाही. इथे फावल्या वेळच्या नोकरीला ‘बाइतो’ म्हणतात, तो ‘काम’ या अर्थाच्या जर्मन ‘आर्बाइट’चाच तुकडा, असं मी सांगितलं तेव्हा ती खूप दिवसांनी मोकळं हसली. मग फलाटावर तिने विचारलं, “शब्दांकडे असं बघायला तुला कुणी शिकवलं?”

तुमच्या घरी आता दुसरं कुणी राहतं, तेव्हा हा कागद पुण्याला जायचा नाही. म्हणून एवढं सांगून टाकते. मी तिला म्हटलं, “माझ्या आईनं.” गाडी आली, ती चढली. मी ते दुरुस्त केलं नाही.